तुमचे प्रश्न : एगनॉग काय फक्त नाताळातच प्यायचं?

डिसेंबरच्या अंकात घरच्या एगनॉगची कृती दिली होती, म्हणजे दूध, साखर आणि अंड्याचा बलक मंद आचेवर हलवत हलवत दाटसर करायचं, गार करायचं आणि वरून जायफळ किसून प्यायचं, आणि तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप सुरूच आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, की नाताळ झाला, आता हे परत करावं का पुढच्या वर्षाची वाट बघावी. माझं मत आधीच सांगून टाकते, करावं, बाराही महिने करावं, फक्त ऋतूप्रमाणे बदलून करावं. आता एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : ताई, मुलगी-जावई अमेरिकेहून आले होते तेव्हा जावयांच्या आवडीचं म्हणून केलं, घरात सगळ्यांनाच आवडलं. पण आता होळी झाली, उन्हाळा तोंडावर आहे, सासूबाई म्हणतात अंडं उष्ण, आता बंद कर. जावई पण म्हणाले की तिकडे दुकानात ते नाताळाच्या आसपासच मिळतं. मग आपण वर्षभर केलं तर चालेल का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : चालेल ना, का नाही चालणार. दुकानात ते ठराविक दिवसातच येतं हे खरंय, पण तो डेअरीवाल्यांचा विक्रीचा हिशोब झाला, घरच्या पातेल्याला तो कशाला लागू करायचा. आणि मुळात हे सणाचं पेय म्हणून जन्मालाच आलेलं नाही. मध्ययुगात इंग्लंडमधे पॉसेट नावाचं पेय होतं, गरम दुधात वाईन किंवा एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, ओतून, मसाले घालून, आणि सर्दी-तापाला औषध म्हणून ते द्यायचे, म्हणजे आपण हळदीचं दूध देतो तसंच. पुढे त्यात अंडी आली, शेरी नावाची कडक वाईन आली, पण दूध, अंडी, शेरी हे सगळं तिथे महाग, म्हणून ते श्रीमंतांच्या घरातच राहिलं. अठराव्या शतकात ते अमेरिकेत गेलं आणि तिथे घरोघरी गाई-कोंबड्या, शिवाय कॅरिबियन बेटांवरून येणारी रम स्वस्त, त्यामुळे ते सगळ्यांचं झालं. थंडीशी नातं जुळलं ते पण समजण्यासारखं आहे, फ्रिज नव्हता तेव्हा दूध-अंड्याचं काही टिकवायचं तर हिवाळाच बरा. आता फ्रिज आहे तर ते बंधन कशाला.

इतर देशात बघा. मेक्सिकोत रोम्पोपे आहे, प्वेब्ला शहरातल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींनी सुरू केलं असं मानतात, भरपूर बलक, दालचिनी, बदाम, रम, आणि ते तिथे वर्षभर पितात, आइस्क्रीमवर सुद्धा ओततात. हॉलंडमधे ॲडव्होकाट, ते तर इतकं घट्ट की चमच्याने खातात. म्हणजे वर्षभर करणारे आपण काही पहिले नाही. आणि इंदूरच्या माणसाला ग्लासातलं थंड दाट दूध नवीन आहे का, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकरा वाजता उभं राहून केशर-सुक्यामेव्याची दुधाची शिकंजी पिणारे आपण, ते पण मे महिन्यात.

सासूबाईंचं मात्र अर्धं ऐका. हे जड पेय आहे, उन्हाळ्यात मोठा ग्लास भरून दुपारी प्यायलात तर रात्रीपर्यंत भूक लागणार नाही. मी उन्हाळ्यात साखर कमी करते, जायफळाबरोबर वेलची घालते आणि रात्री गच्चीवर वारं सुटलं की छोट्या वाटीत एकदम गार देते, अर्धा कप खूप झाला. पावसाळ्यात हेच गरम, दालचिनी आणि सुंठ घालून, तेव्हा त्याची मजा वेगळीच. कोजागिरीला तुम्ही मसाला दूध करताच, त्याच मसाल्याचा एक चमचा एगनॉगमधे घालून बघा, दिवाळीपर्यंत घरचे तेच मागतील. आणि एकदम कडक उन्हाळ्यात कुल्फीच्या साच्यात भरून फ्रीजरमधे ठेवा, बलकामुळे ते बर्फासारखं टणक होत नाही, मऊ राहतं, कुल्फीवाल्याकडे मिळणार नाही असं काहीतरी होतं.

प्रश्न : मी कृतीप्रमाणेच केलं पण गॅसवर ठेवलं आणि दाणे दाणे झाले, दुधात भुर्जी. शिवाय अंड्याचा वशट वास येत होता, मुलांनी हात लावला नाही. (रामबाग, इंदूर)

उत्तर : हे सगळ्यात जास्त जणींनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळा खेळ आचेचा आहे. अंड्याचा नुसता बलक ६५-७० अंशाला घट्ट व्हायला लागतो, दूध आणि साखर मिसळली की तो जरा जास्त उष्णता सोसतो, पण ८०-८५ च्या घरात गेला की त्यातली प्रथिनं आखडतात, पाणी सोडतात आणि तुम्ही म्हणता ते दाणे पडतात. म्हणजे आपल्याला ७१ च्या वर जायचंय, कारण अंड्यातले जंतू तेवढ्याला मरतात, आणि ८० च्या खाली थांबायचंय. उकळी अजिबात नको. बासुंदी करणाऱ्या हाताला हे अवघड जातं, कारण बासुंदीत आपण निवांत उकळू देतो, इथे तसं करून भागत नाही.

अर्धा लिटर फुल क्रीम दूध घ्या. क्रीम वेगळं घालायलाच पाहिजे असं नाही, अमेरिकेत विकायच्या एगनॉगला दुधाचं फॅट कमीत कमी ६ टक्के लागतं असा सरकारी नियम आहे, आणि आपल्या फुल क्रीमच्या पिशवीत तेवढंच ६ टक्के असतं. गवळ्याचं म्हशीचं दूध असेल तर उकळून, गार करून, साय त्यातच फेटून घ्या. चार अंड्यांचे बलक वेगळे काढा, त्यात ७५ ग्रॅम साखर म्हणजे साधारण सहा टेबलस्पून, आणि चिमूटभर मीठ. साखर घातली की लगेच फेटा, तशीच पडू दिली तर बलकाच्या गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या विरघळत नाहीत. रंग फिका, लिंबासारखा होईपर्यंत फेटायचं. दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा, आता हे गरम दूध एका हाताने पळीपळीने बलकात ओतायचं आणि दुसऱ्या हाताने फेटत राहायचं, निम्मं दूध गेलं की मग सगळं परत पातेल्यात. जाड बुडाचं पातेलं, सगळ्यात बारीक गॅस, लाकडी चमचा, आणि चमचा तळाला आणि कोपऱ्यात फिरत राहिला पाहिजे, मधे फोन आला तरी उचलायचा नाही. पाच-सात मिनिटात दूध जरा जड वाटायला लागतं, वरचा फेस विरतो, चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसतो, त्यावरून बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली की झालं. त्याच क्षणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, कारण गरम पातेल्यात ठेवलं तर गॅस बंद असला तरी ते शिजत राहतं. किचन थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, ज्यांना नेहमी करायचंय त्यांनी खरंच घ्यावा.

दाणे पडलेच तर टाकून देऊ नका. लगेच थंड दुधाचे दोन चमचे घालून मिक्सरमधे फिरवा आणि बारीक गाळणीने गाळा, चव तीच राहते, जरासा दाटपणा जातो एवढंच.

वासाचं म्हणाल तर तो जास्त करून पांढऱ्या भागाचा असतो, त्यात गंधक असतं आणि जास्त तापलं की ते वास मारतं. म्हणून फक्त बलक घ्या, पांढरं नीट निथळू द्या, आच आवरा, आणि गाळून घ्या. व्हॅनिला घालायचा तर गॅस बंद केल्यावर. आणि जायफळ आयत्या वेळी किसलेलंच, पुडीतली पावडर नको, ती महिन्याभरात लाकडाच्या भुश्यासारखी होते. श्रीखंड-पुरणपोळीमुळे अख्खं जायफळ आपल्या डब्यात असतंच, मग पावडर आणायची कशाला. चार जणांच्या एगनॉगला पाव चमचा पुष्कळ झालं. आणि गार करा, निदान चार तास, हे पेय मुरल्यावरच लागतं, त्याच दिवशी घाई केली तर नुसतं कस्टर्ड प्यायल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आमचे आजोबा आखाड्यात जायचे, रोज सकाळी दुधात कच्चं अंडं फोडून प्यायचे, काही झालं नाही. मग एगनॉगमधे शिजवायची भानगड कशाला? आणि रम घातली तर जंतू मरतातच ना? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : दादा, आजोबांना काही झालं नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून नियम करता येत नाही. साल्मोनेला नावाचा जिवाणू टरफलावर असतो आणि कधीकधी अंड्याच्या आत पण असतो, बाहेरून बघून काही कळत नाही. ७१ अंशाला अंड्याचं मिश्रण गेलं की तो मरतो, आणि वर सांगितलेली कृती त्याच आकड्यावर बेतलेली आहे. त्यात चव पण वाढते आणि दाटपणा पण येतो, मग कच्चं पिण्यात फायदा काय.

रमबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ग्लासात पेगभर रम ओतली म्हणून अंडं त्या क्षणी निर्धोक होत नाही. हां, भरपूर दारू आणि भरपूर दिवस असतील तर फरक पडतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रेबेका लान्सफिल्ड नावाच्या मोठ्या जीवाणूशास्त्रज्ञ होत्या, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूंचे गट पाडायची पद्धत त्यांचीच, त्यांच्या प्रयोगशाळेत नाताळासाठी एगनॉग कित्येक दिवस आधी करून फ्रिजमधे मुरवत ठेवायची प्रथा होती. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम त्यात साल्मोनेला मिसळून पाहिला, तर आठवड्याने जंतू होतेच, तीन आठवड्यांनी मात्र सापडले नाहीत. पण ते दारूचं मोजमाप ठेवून, प्रयोगशाळेच्या शिस्तीत केलेलं काम होतं. घरात आपण शिजवावं आणि निर्धास्त राहावं.

प्रश्न : आमच्याकडे गुजरातेत दारूबंदी, आणि तशी घरात कुणी घेत पण नाही. पण सगळे म्हणतात की रमशिवाय एगनॉग म्हणजे नुसतं गोड दूध. तसा स्वाद येण्यासाठी काही करता येईल का? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : नक्की येईल, आणि दारूबंदीत एगनॉग हा विषय तुम्हाला वाटतो तेवढा नवीन नाही. १८२६ च्या नाताळात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत दारूला बंदी होती, तरी कॅडेट लोकांनी एगनॉगसाठी व्हिस्की चोरून आत आणली, रात्री इतका दंगा झाला की खिडक्या फुटल्या, आणि पुढे वीस कॅडेटवर कोर्ट मार्शल झालं. तुम्ही ती वाट सोडा, स्वयंपाकघरात उत्तर आहे.

रमचा स्वाद कुठून येतो, तर उसाच्या मळीतून आणि लाकडी पिंपात मुरण्यातून, म्हणजे जळकट गोड, थोडा कडवट, थोडा लाकडासारखा. जळकट गोडासाठी दोन चमचे साखर कोरड्या कढईत तांब्याच्या रंगापर्यंत जाळा, लांबूनच दोन चमचे गरम पाणी घाला, उडतं ते सांभाळून, आणि तो पाक तापलेल्या दुधात. गूळ वापरायचा असेल तर काळपट गुळाचा पाक करून तो एगनॉग पूर्ण गार झाल्यावरच घाला, गरम दुधात गूळ गेला की दूध फाटायची भीती असते. मुरलेल्या स्वादासाठी मूठभर मनुका कडक काळ्या चहात रात्रभर भिजवा आणि ते दोन-तीन चमचे पाणी गाळून घाला, मनुका वरून. चहातला तुरटपणा लाकडाचं काम करतो. हे मला रमच्या एगनॉगपेक्षा जास्त आवडतं, आणि पोराबाळांपासून आजीपर्यंत सगळ्यांना एकाच भांड्यातून देता येतं ते वेगळं. कॉफी आवडत असेल तर चिलीमधे नाताळात कोला दे मोनो नावाचं पेय करतात, दूध, कॉफी, दालचिनी, त्यातली दारू वगळली तरी छान लागतं.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालतच नाही. बिनअंड्याचं होईल का? आणि चातुर्मासात? (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : होईल, आणि त्यासाठी काही खास आणायला नको, कस्टर्ड पावडर घरात असेलच. ती पावडर जन्माला आली तीच मुळी अंडं टाळायला, १८३७ मधे बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांच्या बायकोला अंड्याची ॲलर्जी होती म्हणून त्यांनी कॉर्नफ्लॉरचं कस्टर्ड काढलं. अर्धा लिटर दुधाला एक सपाट टेबलस्पून पावडर, थंड दुधात कालवून घाला, जास्त घातलीत तर प्यायचं सोडून खायचं होईल. इथे उकळी यायलाच हवी, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. मग गार करताना चार-पाच भिजवलेल्या काजूंची गुळगुळीत पेस्ट घाला, बलकाचा स्निग्धपणा त्यातून येतो. जायफळ आहेच. चातुर्मासात हे निवांत करा, फक्त एकादशीला नाही, कॉर्नफ्लॉर आहे त्यात.

दुसरा प्रकार पोर्तो रिकोचा कोकितो. नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी, रम, आणि बऱ्याच घरात त्यात अंडं नसतंच. नारळाचं दूध आपण सोलकढीला काढतो तसं, पहिलं दाट, गाळून. रम सोडा, कंडेन्स्ड मिल्क बेताने, खूप गार. ज्यांच्या घरी अंड्याचं पातेलं वेगळं ठेवायची पद्धत आहे त्यांची पण सोय होते.

प्रश्न : माझा नातू दोन वर्षांचा आहे, त्याला दिलं तर चालेल का? (टिळक नगर, इंदूर)

उत्तर : काकू, त्याला अंडं आधीपासून पचत असेल आणि ॲलर्जी नसेल तर पूर्ण शिजवलेलं, बिनारमचं, दोन-चार चमचे द्या. जायफळ मात्र किसून नको, बाळांना आपण देतो तसं सहाणेवर एक-दोन वळसे उगाळून, तेवढंच. मोठ्यांनी सुद्धा जायफळ चिमटीनेच घ्यावं, ते चमच्या-चमच्याने पोटात गेलं तर चक्कर, उलट्या, घाबरं होणं असा खरोखर त्रास होतो.

प्रश्न : उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं? (महू)

उत्तर : ऑम्लेट, भुर्जी, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजर. कच्चं फेटून एगनॉगवर फेस म्हणून घालतात ते मी सुचवणार नाही.

प्रश्न : फ्रिजमधे किती दिवस टिकतं, आणि उरलं तर? (नारायण बाग, इंदूर)

उत्तर : शिजवून लगेच गार केलेलं, झाकून, दोन ते तीन दिवस, त्यापुढे नाही. गार करताना पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, एप्रिल-मे मधे ओट्यावर तासभर ठेवलेलं दूध काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आतल्या बाजूला ठेवा.

उरलं तर फार छान. ब्रेडचे जाड काप त्यात बुडवून तुपावर भाजा, अंडं-दूध-साखर सगळं आधीच आहे. रवा तुपात भाजून पाण्याऐवजी अर्धं पाणी अर्धं एगनॉग घालून शिरा करा, वरून बेदाणे. सकाळच्या कॉफीत दोन चमचे. आमच्याकडे मुद्दाम जास्त करतात तेच या शिऱ्यासाठी.

प्रश्न : ताई, मी भंवरकुआँला होस्टेलमधे राहतो, कोचिंग चालू आहे, रूमवर एक इंडक्शन आहे आणि फ्रिज नाही. रात्री अभ्यासाला बसलो की काहीतरी असं पाहिजे असतं, पण चार तास गार करणं वगैरे जमणार नाही. काही शॉर्टकट आहे का?

उत्तर : आहे, आणि शॉर्टकट म्हणून कमी प्रतीचं तर मुळीच नाही. व्हिएतनाममधे हनोईला १९४६ मधे दुधाची टंचाई होती, तेव्हा तिथल्या एका हॉटेलातल्या बारटेंडरने दुधाच्या जागी बलक फेटून कॉफीत घातला, आज ती अंडा कॉफी त्या शहराची ओळख आहे. एगनॉगच्याच घराण्यातली म्हण, फक्त गरम आणि एका माणसापुरती.

छोट्या पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेव, मग इंडक्शन कमी कर. त्यावर स्टीलची वाटी अशी बसव की तळ पाण्याला टेकणार नाही. वाटीत एक बलक, दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क, चिमूट मीठ, आणि काट्याने न थांबता चार-पाच मिनिटं फेट. आधी पातळ होईल, मग हळूहळू फुगून क्रीमसारखं दाट होईल, काटा उचलला की रिबीनसारखं पडेल, आणि वाटी धरवणार नाही इतकी तापलेली असेल, फडकं जवळ ठेव. वाफ निघेपर्यंत तापू दे, कच्चं काढू नको. तोपर्यंत दुसऱ्या कपात कडक काळी कॉफी, बिनसाखरेची, कंडेन्स्ड मिल्कमधे साखर पुरेशी आहे. आता ते क्रीम वरून ओत, ढवळू नको, वर जायफळ किंवा दालचिनी. चमच्याने वरचं खात खात खालची कॉफी प्यायची. कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडला की फ्रिजशिवाय टिकत नाही, म्हणून लहान पॅक घे किंवा होस्टेलमधल्या तीन-चार जणांनी मिळून एकाच रात्री संपवा, आणि अंडी पण लागतील तेवढीच आण, रूमवर साठवू नको, एप्रिल लागला की तर अजिबातच नको.